वर फेकायचं पीठ

धुळ्यातले लोक आबांना वेडा म्हणत. मी त्यांना हेर म्हटलं. लोक बोलून मोकळे झाले, मी छापलं. गुलाबी कागदावर, जाड टाइपात, मथळ्यासकट. तेव्हा आधीच सांगून ठेवतो, हे लिहिणारा माणूस या प्रकरणात निर्दोष नाही. ज्यांना निर्दोष माणसाने लिहिलेलंच वाचायचं असेल त्यांनी रावसाहेबांची भाषणं वाचावीत.

रावसाहेब कोण ते येईलच. ते आल्याशिवाय राहत नाहीत. आधी आबा.

आबा आमच्या हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होते. उंच, पाठीत वाकलेले, धोतरावर काळा कोट, आणि डोक्यावर टोपीऐवजी गवताची हॅट. ही हॅट त्यांनी पणजीहून आणली होती आणि तिची एक कड उंदरांनी खाल्ली होती. खाल्लेली बाजू ते मुद्दाम पुढे ठेवत. "समोरच्याला आपलं तोंड नीट दिसावं, म्हणून उंदरांनी सोय करून दिली शे," असं आमची अहिराणी मिसळून म्हणत. कोटाच्या डाव्या खिशात खडू आणि उजव्या खिशात पिठाच्या पुड्या. वर्तमानपत्राचा तुकडा, त्यात मूठभर पीठ, वर पीळ. बारा महिने. लग्नाला जाताना, मयताला जाताना, हेडमास्तरांच्या खोलीत जाताना. का, तर वेळ सांगून येत नाही.

घरात त्यांची थोरली बहीण, अक्का. लहानपणीच विधवा झालेली, जात्याशी आणि भावाशी सारख्याच जोराने झुंजणारी.

"खावाले पीठ पुरस नही, आनि हाऊ खिशामा भरी फिरस!" ती मला बघून ओरडायची. मी त्यांचा जुना विद्यार्थी, घरी येणारा-जाणारा. माझ्यापुढे तिला चेव यायचा.

"अक्का, बाजरीचं नको देऊ," आबा शांतपणे म्हणायचे. "ते तोंडाला चिकटत नाही. गव्हाचं दे."

"गहू! तुना बापनी ठेयेल शेतस का गहू?"

"तुनाबी तोच बाप शे, अक्का."

मग अक्का जातं जोराने फिरवायची, आणि शेवटी पीठ गव्हाचंच द्यायची. ते रेशनचे दिवस होते. मला संताप यायचा. देशात धान्य नाही आणि एक सुशिक्षित शिक्षक खिशात गहू घेऊन हिंडतो! यावर मी एक पत्रक लिहायलाही घेतलं होतं. ते राहिलं. राहिलं ते बरं झालं, असं आता म्हणावं तर पुढचं लिहिलं गेलंच.

आबा मूळचे शिरपूरकडचे. तरुणपणी एका नाटक कंपनीत पडदे रंगवायला लागले. कंपनी फिरत फिरत गोव्यात गेली आणि पणजीत बुडाली. मालक एका पहाटे पेटीसकट नाहीसा झाला. मागे उरले आबा आणि त्यांनी रंगवलेला राजवाड्याचा पडदा. तो पडदा त्यांनी एका क्लबाला दिला आणि चार वर्षं तिथेच राहिले. दुकानांच्या पाट्या रंगवल्या, मुखवटे रंगवले. आणि तिथे त्यांनी तो खेळ पाहिला, ज्याने या भल्या माणसाचं आयुष्य वाया घालवलं. लोक असंच म्हणतात. माझं मत मी आता बदललं आहे.

इंत्रुज. कार्निव्हल. आबा नेहमी इंत्रुजच म्हणत.

"त्यांचा चाळीस दिवसांचा उपास असतो. त्याच्या आधीचे तीन दिवस," ते सांगत. ऐकणारा कोणीही चाले, पिंपळाखालचा न्हावीसुद्धा. "आणला पोर्तुगीजांनी. पण खेळ झाला कोणाचा? पूर्वी तिथं घरोघर गुलाम असायचे. त्या तीन दिवसांत गुलामानं मालकाचा कोट घालायचा, मालकानं गुलामाचं फडकं नेसायचं. गुलामानं हुकूम सोडायचा, मालकानं ऐकायचा. पुढे गुलाम ठेवणं गेलं. पण कोट राहिला, पीठ राहिलं. मी पाहिलं तेव्हा कारकून साहेबाला पुडी मारत होता. मोलकरीण माडीवरून रंगाचं पाणी ओतत होती. खाली न्यायाधीश. बठ्ठा चिंब, डोक्यापासून पायापर्यंत. अन् काय करत होता?"

न्हावी वस्तरा थांबवून विचारी, "काय करत होता, आबा?"

"हसत होता."

हे दोन शब्द बोलताना आबांचा आवाज एकदम खाली येई. देवळात आल्यासारखा.

मी चिडून म्हणायचो, "आबा, जुलमी राज्य लोकांना तीन दिवस खेळू देतं ते उरलेलं वर्ष मुकाट बसवायला! ही अफू आहे."

"बरोबर शे तुझं," आबा मान डोलवत. "मग आपलं राज्य आलं ना? आता वर्षभर खेळू दे. नाहीतर तीन दिवस दे. एक दिवस दे. दुपारपर्यंत दे."

"आपल्याकडे धुळवड आहे की!"

"धुळवडीला तू रावसाहेबांच्या अंगावर चिखल टाकलास कधी? टाकतोस तो गल्लीतल्या हमालावर. मोठ्या घरांना त्या दिवशी आतून कडी असते. पीठ वर फेकायचं असतं, बाबा. खाली फेकलं की तो मार झाला."

हा त्यांचा एकच नियम. वर. नेहमी आपल्यापेक्षा मोठ्या माणसावर. सारख्यावर नाही, लहानावर तर कधीच नाही. आणि ज्याला लागलं त्याने हसायचं. हसला की खेळ पुरा.

शाळेत त्यांनी हा नियम स्वतःवर चालवून दाखवला. शिवरात्रीच्या आगेमागे तीन दिवस ड्रॉइंगच्या तासाला शेवटच्या बाकावरचा मुलगा खुर्चीत बसे आणि आबा शेवटच्या बाकावर. मुलगा हुकूम सोडे. आबांनी कान धरावेत, आबांनी कोंबडा व्हावं, आबांनी माकड काढून दाखवावं. मग डस्टर त्यांच्या डोक्यावर झटकलं जाई. पांढरेफटक आबा खो खो हसत. चौथ्या दिवशी, तिकडे उपास लागतो त्या दिवसासारखं, ते कपाळावर राखेचं बोट ओढून येत आणि एकही आवाज खपवून घेत नसत. मी पहिल्या बाकावरचा, हुशार. मला ती खुर्ची कधी मिळाली नाही. तेव्हापासून मी सगळ्याच खुर्च्यांच्या विरुद्ध आहे.

पणजीत आबांना आठ दिवस कोठडी झाली होती. ती हकिगत ते कोर्टातल्यासारखी तपशिलात सांगत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चर्चची घंटा झाली की खेळ बंद. आबांनी कस्टमच्या बड्या साहेबावर नेम धरला, पुडी सोडली, आणि पुडी हवेत असताना घंटा झाली.

"हातातून सुटली घंटेच्या आधी," आबा बोट वर करून सांगत. "लागली घंटेच्या नंतर. फौजदार म्हणाला, लागली कधी ते बघू. मी म्हटलं, सुटली कधी ते बघा. तासभर वाद झाला. खरं सांगू? त्याचंच बरोबर होतं. लागणाऱ्याला लागतं तेव्हाच लागतं."

आता माझ्या कर्तबगारीकडे येतो. गोवा मुक्त करायचा म्हणून धुळ्यात समिती निघाली. पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे. अध्यक्ष अर्थात रावसाहेब. दोंडाईच्याचे कापसाचे व्यापारी. इंग्रज गेले त्या आठवड्यात त्यांनी पगडी उतरवून पांढरी टोपी घातली. इंग्रजांनी दिलेली पदवी मात्र टाकली नाही, ती राष्ट्रकार्याला जुंपली. आमच्या शाळेच्या मंडळाचे अध्यक्षही तेच. गावात जिथे जिथे मधली खुर्ची होती तिथे रावसाहेब होते.

गोव्याला पाठवायच्या तुकडीसाठी पांझरेकाठच्या मैदानात सभा ठरली. धुळ्यात गोवा पाहिलेला माणूस एकच. मी आबांकडे गेलो आणि त्यांची कोठडी मागून घेतली. पत्रकात लिहिलं: "पोर्तुगीज सालाझारशाहीच्या अंधारकोठडीत आठ दिवस अन्नाविना तडफडलेले वृद्ध कलावंत बोलणार!"

आबांनी चष्मा लावून वाचलं. "अन्नाविना? दोन्ही वेळा भातावर मासळी होती. मी अंगानं भरलो होतो तिथं."

"आबा, तपशील महत्त्वाचा नाही."

"मग मला कशाला बोलावतोस? तपशील तेवढाच माझ्याकडे शे."

सभेच्या दिवशी दुपारी मी त्यांना न्यायला गेलो तेव्हा आबा पुडीला पीळ देत होते. एकच पुडी. मला कळायला हवं होतं. अक्काला कळलं होतं.

"तू त्या रावसायबले मारशी," अक्का म्हणाली. "तुनी नोकरी जाई. मंग काय खाशी?"

"तो हसला तर नाही जाणार, अक्का."

"आनि नही हसना तं?"

"एक माणूस, अक्का. या गावात एक मोठा माणूस पीठ खाऊन हसला, की माझं काम झालं. वीस वर्षं झाली, मी एकाची वाट बघतोय. रावसाहेब लोकांचा पुढारी शे. हसेल."

मी हे ऐकलं आणि थट्टा समजून सोडून दिलं. पत्रकं लिहिणाऱ्याला दुसऱ्याचं बोलणं खरं वाटत नाही, आपलंच वाटतं.

आबा सुरेख बोलले. मैदान हसून हसून लोळलं. न्यायाधीश, मोलकरीण, हवेतली पुडी. मागे रावसाहेब हारांत गळ्यापर्यंत बुडालेले. त्यांच्या कपाळावर एकेक आठी चढत होती, आणि अन्नाविना तडफडण्याचा कुठे पत्ता नव्हता. शेवटी आबा वळले.

"गोवा सुटला पाहिजे," ते म्हणाले. "तिथं तीन दिवस मिळतात. सुटल्यावर बठ्ठे दिवस मिळाले पाहिजेत. आपण सुटलोय, तर सुरुवात आपल्यापासून." आणि त्यांनी पुडी मारली.

नेम ड्रॉइंग मास्तरचा. टोपी, भुवया, मिश्या, हार, सगळं पांढरं झालं. आबा हात जोडून, पुढे वाकून, लहान मुलाला विनवावं तसे म्हणाले, "हसा, रावसाहेब. नुसतं हसा. संपलं."

रावसाहेब हसले नाहीत. रुमाल काढला, तोंड पुसलं, उठले आणि मोटारीत बसले. मग मात्र मैदान हसलं. असं हसलं की तुकडीत नाव द्यायला आलेले लोकसुद्धा हसत हसत घरी गेले. आमच्या वहीत नावं पडली नऊ.

मी त्या रात्री घरी गेलोच नाही, प्रेसमध्ये गेलो. माझी सभा, माझी चळवळ, माझा गोवा या म्हाताऱ्याने हास्यास्पद केला होता. मथळा दिला: "धुळ्यात पोर्तुगीजांचा हेर?" प्रश्नचिन्ह ही आमच्या धंद्यातली मोठी सोय आहे. आरोप करता येतो आणि केला नाही असंही म्हणता येतं. खाली लिहिलं, परकीय सत्तेच्या विलासी उत्सवांची तोंड भरून स्तुती करणारा हा इसम कोवळ्या पिढीच्या हाती काय देणार?

सकाळी आबा प्रेसमध्ये आले. गुलाबी कागद हातात. मला वाटलं शिव्या देतील. त्यांनी कागद उजेडाकडे धरला.

"टाइप झोकदार आलाय," म्हणाले. मग चष्म्यावरून बघून विचारलं, "हे वर फेकलंस का खाली? ड्रॉइंग मास्तर तुझ्या वर शे का खाली, तेवढं सांग."

मी टाइपाचे खिळे जुळवत राहिलो.

आठ दिवसांत मंडळाचा हुकूम निघाला. त्यात कारण दिलं होतं: सदर इसम परकीय सत्तेच्या विलासी उत्सवांची तोंड भरून स्तुती करतो. शब्द माझे. रावसाहेबांनी स्वल्पविरामही बदलला नव्हता.

तुकडी निघाली तेव्हा स्टेशनावर हार, बँड, घोषणा. रावसाहेबांचा पाय त्याच दिवशी मुरगळला होता. पत्रकांचं काम असल्यामुळे मलाही जाता येत नव्हतं. आणि फलाटाच्या टोकाला गवताची हॅट. हातात गाठोडं.

मी धावत गेलो. "आबा, यादीत तुमचं नाव नाही. येता येणार नाही तुम्हाला."

"यादी तुमची शे," आबा म्हणाले. "गाडी सरकारी शे." आणि स्वतःचं तिकीट दाखवून नऊ जणांच्या मागच्या डब्यात चढले.

नऊ जण मार खाऊन परतले. त्यांची मिरवणूक निघाली, सत्कार झाला, वृत्तान्त मी लिहिला: "आमचे नऊ वीर". त्या नवांतल्या एकाने मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं. हद्दीवर भर पावसात आबा सगळ्यांच्या मागून चालत पुढे आले, समोरच्या पोर्तुगीज अंमलदाराला हॅट काढून नमस्कार केला आणि पुडी मारली. क्षणभर कोणी हललं नाही. मग त्याच उजव्या हातावर दंडुके पडले. समितीपुढे हे गेलं तेव्हा रावसाहेब म्हणाले, सत्याग्रहाच्या शपथेत पीठ बसत नाही. शिस्तभंग. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. वृत्तान्तात नऊच राहिले.

आबा धुळ्याला परतलेच नाहीत. रावेरला भाचीकडे गेले, अक्काही तिकडे गेली. मी गेलो ते तीन वर्षांनी. केळीच्या वखारीसमोर ट्रक उभे होते आणि एका ट्रकच्या मागच्या फळीशी आबा पाटावर बसून वेलबुट्टी काढत होते. हॅट तीच. फळीच्या खालच्या अर्ध्या भागात वेल दाट होती. वरचा अर्धा भाग कोरा.

"वरचं कोण काढणार?" मी विचारलं.

"वरचं दुसरा येऊन काढतो. माझा हात खांद्याच्या वर जात नाही." त्यांनी करून दाखवलं. हात खांद्याशी येऊन थांबला. "चूक माझीच झाली. त्यांचं इंत्रुज असतं शिवरात्रीला, मी गेलो भर पावसाळ्यात. पीठ ओलं. त्या साहेबाच्या डोळ्याला गोळा बसला. पण तुला सांगतो, तो हसणार होता. ओठ असा हलला होता. सुकं असतं तर हसला असता."

अक्का केळीच्या पानावर भाकरी घेऊन आली. मला ओळखलं आणि भाकरी दुसऱ्या हातात घेतली. "हाऊ का आना आठे? अजून काही छापानं राह्यनं का?"

आणि मग मी, ज्याने आयुष्यात कोणाची माफी मागितली नव्हती, आबांच्या पाटासमोर खाली बसलो. म्हणालो, "आबा, पुडी असेल तर मारा. माझ्या तोंडावर. मी हसेन."

आबांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. कुंचला धुतला. आणि खो खो हसले, शाळेत हसत तसे.

"तुझ्यावर? पीठ मोठ्या माणसासाठी असतं, भाऊ. तू कोण शेस? पत्रकं काढणारा!" अक्कासुद्धा पदर तोंडाला लावून हसली. मग आबांनी डाव्या हाताने, कशीबशी, उजव्या खिशातून एक पुडी काढली. "ठेव. माझा हात आता वर जात नाही. तुला कधी खुर्ची मिळाली तर स्वतःच्याच डोक्यावर फोड. अन् हस. एक माणूस झाला की माझं काम झालं."

मी म्हटलं, मला कसली खुर्ची मिळते! तेव्हा ते खरंही होतं.

आबा आहेत. हात तसाच आहे. गोवा अजून सुटलेला नाही, त्यामुळे समितीही आहे, आणि गेल्या महिन्यात तिने मला चिटणीस केलं. सभा त्याच पांझरेकाठच्या मैदानात. व्यासपीठावर मला खुर्ची, रावसाहेबांच्या शेजारी, डावीकडे. निघताना मी नवा काळा कोट घातला आणि पुडी आठवणीने खिशात टाकली. फोडायचीच, असं ठरवून गेलो होतो.

हार पडले. नऊ वीरांचा उल्लेख झाला. मी खिशात हात घातला, पुडी मुठीत घेतली आणि आधी मैदानाकडे पाहिलं, कोण कोण बघतंय ते. सगळेच बघत होते. मूठ आवळली गेली. जुना कागद फाटला आणि पीठ खिशाच्या कडेवरून कोटावर सांडलं.

रावसाहेब माझ्या कानाशी वाकले. "चिटणीस, कोटाला काय लागलंय ते? झटका."

मी झटकलं.